रोजचे दहा शब्द

३ मार्च, सोमवार

चौकशीची नोटीस आज हातात पडली. तीन पानं, सगळी इंग्रजीत. ऑफिसच्या शिपायाने पोच म्हणून सही घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी आजच डबा उचलून कायमची घरी निघाले आहे. सही मात्र मी झोकात केली. सही इंग्रजीत येते मला. त्यापुढचं सगळं डोक्यावरून जातं.

घरी आल्यावर लेकीने वाचून दाखवलं. चोवीस तारखेला तिघांच्या समितीपुढे हजर व्हायचं. तिघेही बाहेरचे, इंग्रजीत विचारणार आणि उत्तरं इंग्रजीतच लिहून घेणार. माझ्यावर दोन ठपके आहेत. एक, वीस फेब्रुवारीला मी नीट निर्जंतुक न झालेली हत्यारं ऑपरेशन थिएटरात पाठवली. दुसरा, मशीन बिघडलं आहे हे माहीत असून मी कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशीच्या तीन पेशंटच्या जखमा चिघळल्या. त्यातल्या एकाचा, बस चालवणाऱ्याचा, पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पहिला ठपका खरा आहे. हत्यारं माझ्याच हातांनी गेली. दुसरा साफ खोटा आहे.

एकोणीस वर्षं मी ते वाफेचं मशीन चालवते. हत्यारांची गाठोडी आत रचायची, दार आवळायचं, वाफ सोडायची आणि काट्यावर डोळा ठेवायचा. गाठोड्यावरच्या चिकटपट्टीच्या रेघा काळ्याकुट्ट झाल्या की माल पक्का. डिसेंबरपासून दाराचं रबर वाफ सोडत होतं. मी इन्चार्ज सिस्टरांना पाच वेळा सांगितलं. तक्रारवही इंग्रजीत लिहावी लागते, त्यामुळे आमच्याकडे पहिल्यापासून रीतच अशी की आम्ही तोंडी सांगायचं आणि सिस्टरांनी वहीत उतरवायचं. वीस तारखेला रेघा फिक्या आल्या म्हणून मी तोच माल दुसऱ्यांदा लावला. तरी फिक्याच. थिएटरातून फोनवर फोन. सिस्टर म्हणाल्या, "पट्टी जुनी असेल, पाठव." मी पाठवला.

नुसती चूक झाली असं ठरलं तर समज देतील, फार तर बदली. बिघाड लपवला असं ठरलं तर नोकरी जाईल आणि दुसरं कुठलं हॉस्पिटलही दारात उभं करणार नाही. ह्यांना मी हे सांगितलं तेव्हा हे चष्म्याच्या काचा पुसत म्हणाले, "मग तर सोपं आहे. सांगितलं होतं असं सांग." चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला सगळं स्वच्छच दिसतं. इंग्रजीत कसं सांगू, ते मात्र बोलले नाहीत.

५ मार्च, बुधवार

जिवात जीव आला. सिस्टरांनी आज जेवणाच्या सुट्टीत मला चादरींच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि म्हणाल्या की मी तुला तयार करते. रोज दहा शब्द. साधे नाहीत, समितीसमोर शोभतील असे. म्हणाल्या, "हे लोक शिकलेले आहेत. माणूस कसा बोलतो त्यावर तो कसा आहे हे ठरवतात."

मी म्हटलं, एवढ्या दिवसांत मला काय येणार? त्या म्हणाल्या की एकोणीस वर्षांत शंभर हत्यारांची नावं पाठ झाली ना, तीही इंग्रजीच आहेत. हे मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांनी स्वतः छोटी वही आणली आहे. अक्षर असं की छापलेलं वाटावं. आजचे शब्द: कँडिड, म्हणजे मन मोकळं करून बोलणारी. सिन्सिअर. लॅप्स, म्हणजे हातून सुटलेली गोष्ट. ओव्हरसाइट, म्हणजे नजरेतून निसटलेली. अकाउंटेबल, म्हणजे जबाबदार. अ‍ॅक्नॉलेज. रिग्रेट. बाकीचे तीन आत्ता आठवत नाहीत, उद्या त्या धरणार.

सिस्टर आठ महिन्यांनी निवृत्त होतात. त्यांच्या मागे स्वतःचे व्याप काय कमी आहेत? तरी माझ्यासाठी जेवण सोडून बसल्या.

६ मार्च, गुरुवार

बसमध्ये शब्द म्हणत होते, शेजारची बाई सरकून बसली.

९ मार्च, रविवार

तीस शब्द पाठ झाले. काल सिस्टरांनी बोलण्याविषयीचे शब्द दिले. सक्सिंक्ट म्हणजे थोडक्यात आणि नेमकं. व्हर्बोज म्हणजे पाल्हाळ लावणारी. समितीला व्हर्बोज माणसं आवडत नाहीत. डिसेंबरपासूनची कहाणी सांगत बसलीस तर ते मध्येच थांबवतील, म्हणाल्या. मग रबराचं कधी सांगायचं, असं मी विचारलं. त्यावर म्हणाल्या, "ते माझ्या जबानीत येईल. तू सांगितलंस तर बचाव वाटेल, मी सांगितलं तर पुरावा होईल." किती बारीक विचार करतात. माझ्या शंभर पिढ्यांना सुचलं नसतं.

आज दुपारी लेकीने वही चाळली. तिला तिचे वडील वकीलबाई म्हणतात ते उगाच नाही. सगळी पानं उलटून झाल्यावर म्हणाली, "आई, यात नाही म्हणायला एक तरी शब्द आहे का?"

मी म्हटलं, नाही म्हणायला नो आहे की, तो मला येतो.

ती हसली नाही. कॉलेजच्या लायब्ररीतून तिने एक जाड पुस्तक आणलं होतं, वादविवादाचे शब्द असलेलं. त्यातले तीन तिने माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. रिफ्यूट, रिबट, कॉन्टेस्ट. समोरचा म्हणतो ते खोटं आहे हे दाखवून देणं, असा काहीसा तिन्हींचा अर्थ. नोटिशीत खाली एक ओळ आहे म्हणे, की हवा असेल तर दुभाषा मिळेल, अठरा तारखेच्या आत अर्ज करायचा. वकीलबाईंचा हुकूम झाला की उद्याच अर्ज दे.

१० मार्च, सोमवार

ते तीन शब्द सिस्टरांना दाखवले. त्यांनी दोनदा वाचले, पेन काढलं आणि त्यांवर आडवी रेघ मारली. पट्टी लावावी इतकी सरळ. म्हणाल्या, "हे वकिलांचे शब्द. तुझ्या तोंडी उर्मट वाटतील."

दुभाष्याबद्दल म्हणाल्या की तो भाड्याचा माणूस, तुझ्या तोंडचं फिरवून भलतंच सांगेल. शिवाय दुभाषा घेतलेली बाई बिचारी दिसते. तू स्वतःच्या तोंडाने बोललीस तर ते तिघे बघतच राहतील. खरं सांगायचं तर हे ऐकून मला गुदगुल्या झाल्या. मशीनवाली बाई फाडफाड इंग्रजी बोलते आहे आणि तीन साहेब बघत राहिले आहेत, असं चित्र मी परत येताना तीन थांबे रंगवत होते.

घरी सांगितल्यावर लेकीने पुस्तक मिटलं आणि आत निघून गेली. हे म्हणाले, "अगं, तिचं ऐकून तर बघ." मी म्हटलं, अहो, सिस्टर सतरा वर्षं माझ्याबरोबर आहेत. हिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी पहिला फोन त्यांचा आला होता. काल लायब्ररीतून आलेल्या पुस्तकावर विश्वास ठेवू का?

१३ मार्च, गुरुवार

आजचा शब्द मला फार आवडला. कन्सीड. सिस्टरांनी अर्थ लिहिला आहे, मोठ्या मनाने मान्य करणे. भांडखोर माणूस कधी कन्सीड करत नाही म्हणे, सुसंस्कृत माणूस करतो. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, दूध उतू गेलं का? मी म्हटलं, आय कन्सीड. दोघं पोट धरून हसलो. कित्येक दिवसांनी घरात हसू आलं. लेक बाहेर आली नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सुट्टी झाल्यावर दुसऱ्या मजल्यावर गेले. बस चालवणाऱ्याची खोली कोपऱ्यात आहे. दाराच्या काचेतून बघितलं. अंगावरची चादर एका बाजूला मध्येच सपाट झाली होती. त्याची बायको खिडकीशी बसून त्याची नखं कापत होती. मला आत जायचं होतं. जाऊन बोलणार काय? माझ्याजवळ आता साठ शब्द आहेत आणि त्या बाईसमोर काढावा असा एकही नाही.

रेघा फिक्या होत्या. मला दिसल्या होत्या. सिस्टर पाठव म्हणाल्या हे खरं, पण हात माझे होते. समिती काय शिक्षा देईल ती देवो, ह्या पायाची किंमत माझ्याकडून वसूल व्हायचीच.

१७ मार्च, सोमवार

शिकवता शिकवता सिस्टरांच्या डोळ्यांना पाणी आलं. रिमोर्स, म्हणजे पश्चात्ताप, हा शब्द चालू होता. मीच घाबरले. म्हटलं, सिस्टर, माझ्यासाठी एवढं मनाला लावून घेऊ नका, मला काही होत नाही. तर त्या आणखीच रडायला लागल्या. शेवटी मी त्यांना पाणी आणून दिलं आणि पाठ थोपटली. माझ्यापायी त्यांचं वजन उतरलं आहे. आजचं अक्षरही जरा हललं आहे.

मी विचारलं, तक्रारवही आपण समितीला दाखवायची ना? तुम्ही लिहिलेल्या तारखा त्यात असतीलच. त्या म्हणाल्या की वही समितीकडेच जमा आहे, तू काळजी करू नकोस. म्हणजे तीही चिंता मिटली.

१८ मार्च, मंगळवार

दुभाष्याच्या अर्जाची आज शेवटची तारीख होती. लेकीने सकाळी अर्ज लिहून टेबलावर ठेवला होता, फक्त सही बाकी. मी त्यावर वाटी ठेवून कामावर गेले.

संध्याकाळी ती एकच वाक्य बोलली. "आई, त्या तुला पोपट करतायत." मी तिच्यावर हात उगारला. मारला नाही, पण उगारला. एकोणीस वर्षांची मुलगी. मग दोघी आपापल्या खोलीत. हे मधल्या दारात उभे, कोणाकडे जावं ते न समजून.

२२ मार्च, शनिवार

ऐंशी शब्द पाठ. सिस्टरांनी जबानीची अडीच पानं लिहून दिली आहेत, सगळे शब्द त्यात ओवले आहेत. तीन वेळा न अडखळता म्हणून दाखवली. अर्थ विचाराल तर ओळीओळीचा सांगता येत नाही, पण चाल बसली आहे. मशीनचं नाव एकदाच येतं. सिस्टरांचं येत नाही. त्यांचं त्या सांगणारच आहेत.

एक मात्र कबूल करायला हवं. हे शब्द नुसते पाठ करून मी थांबलेले नाही. बसच्या जाहिराती, औषधांच्या पुठ्ठ्यांवरचा बारीक मजकूर, लेकीचा इंग्रजी पेपर, दिसेल ते वाचत सुटते. पुठ्ठ्यावर सिस्टरांचा अनइक्विव्होकल, म्हणजे निःसंदिग्ध, कशाला येईल म्हणा. पण पेपरात आला होता, अग्रलेखात. ओळखीचा माणूस परक्या गावात भेटावा तसा आनंद झाला.

२४ मार्च, सोमवार

झालं.

लांब टेबल, तीन माणसं. मधले अध्यक्ष, पिकलेल्या भुवयांचे. कोपऱ्यात टाइप करणारी मुलगी. सिस्टर बाहेर बाकावर, त्यांची जबानी माझ्यानंतर. आत जाताना त्यांनी माझा हात दाबला, बर्फासारखा गार होता.

जबानी म्हटली. एकदाच अडखळले. अध्यक्षांनी मान हलवली. मग त्यांनी तक्रारवही उघडून माझ्यासमोर सरकवली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीची पानं एकामागून एक उलटली. अक्षर सिस्टरांचं. मी येस, येस म्हणत गेले. नळ गळतो, दिवा गेला, कपाटाची किल्ली हरवली, असलं काही काही होतं. मला रबराचा शब्द दिसेना. घाईत निसटला असेल असं वाटलं.

अध्यक्षांनी काहीतरी विचारलं. त्यात डिस्प्यूट असा शब्द होता. हा आमच्या वहीत नव्हता. त्यांनी पुन्हा सावकाश विचारलं, अगदी मायेने, लहान मुलीला विचारावं तसं. डू यू डिस्प्यूट धिस? पाचावर धारण बसली. ऐंशी शब्द कुठे गेले कोण जाणे. दाराकडे बघितलं, दार बंद. तोंडात जो होता तो बाहेर आला. आय कन्सीड.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि तिसऱ्यांदा विचारलं. त्यांना ऐकू आलं नसेल म्हणून मी मोठ्याने म्हटलं, आय कन्सीड अनइक्विव्होकली. टाइप करणाऱ्या मुलीचे हात थांबले. तिने अध्यक्षांकडे बघितलं, त्यांनी खूण केली, मग तिने टाइप केलं.

माझं इंग्रजी ऐकून चकित झाले असावेत.

बाहेर आल्यावर सिस्टरांनी विचारलं, काय विचारलं, काय म्हणालीस? मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "छान बोललीस." मग त्या आत गेल्या. चाळीस मिनिटं लागली त्यांना. माझ्यासाठी भांडत असणार.

२५ मार्च, मंगळवार

डिस्प्यूट म्हणजे काय ते लेकीला विचारलं नाही. तिच्या जाड पुस्तकात बघितलं. नाकारणं, हे खरं नाही असं म्हणणं. मग पुस्तक होतं तसं ठेवून दिलं आणि मशीनच्या वेळेला कामावर गेले. नवं रबर बसवलं आहे. रेघा काळ्याकुट्ट येतात.

सिस्टर जेवणाच्या सुट्टीत दिसल्या नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

सिस्टर रजेवर आहेत असं कळलं. फोन उचलत नाहीत. माझ्यामुळे आजारी पडल्या की काय? लेकीला विचारलं तर म्हणाली, असेल.

१४ एप्रिल, सोमवार

अहवाल आला. पाच पानं, सोबत आदेश. शिपाई तोच. या वेळी त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

लेक म्हणाली, "मी वाचते, तू बस." मी म्हटलं, नको, मी वाचते. खिडकीशी बसून, बोट ओळीवर ठेवून, पहिल्यापासून. एक तास लागला. कुठे अडले नाही. लॅप्स होता, ओव्हरसाइट होता, अकाउंटेबल होता. सगळे माझ्या ओळखीचे, एका मागोमाग एक उभे.

तिसऱ्या पानावर एक ओळ होती. इन्चार्ज सिस्टरांनी निःसंदिग्धपणे सांगितलं की मशीनमधला कोणताही बिघाड कधीही त्यांच्या कानावर घातला गेला नव्हता, आणि कर्मचारी स्त्रीने हे विनाअट मान्य केलं.

ती ओळ मी चार वेळा वाचली. पहिल्या वेळेलाच समजली होती.

नोकरी गेली. आजपासूनच. तीस दिवसांत अपील करता येतं. पण अपिलात मी लिहिणार काय? मी आधी जे म्हटलं ते खोटं होतं, आणि म्हटलं ते कोणी बळजबरीने म्हणायला लावलं नव्हतं, चांगलं तीन आठवडे घोकून म्हटलं होतं. साक्षीदार एकच, त्या सिस्टर. पुरावा एकच, ती तक्रारवही, आणि तीही त्यांच्याच हातची. लेक म्हणाली, आपण लढू. म्हणाली खरी, पण तिचाही आवाज बसला होता. ह्यांनी माझे बूट दारातून उचलून कपाटात ठेवले, उद्या लागणार नाहीत म्हणून. ते बघून मला रडू फुटलं.

हात उगारल्याबद्दल लेकीजवळ मी चुकले म्हणाले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी अकराला सिस्टर आल्या. खरंच वाळल्या आहेत. सोबत फळं. लेकीने दार उघडलं, त्यांना बघितलं आणि बाजूला झाली. बसा सुद्धा म्हणाली नाही. मीच म्हटलं, बसा.

त्यांनी माझा हात हातात घेतला. रात्रंदिवस तुझाच विचार, म्हणाल्या. मग पिशवीतून अहवालाची त्यांची प्रत काढली. "इंग्रजी फार अवघड आहे, तुला नीट कळलं नसेल. मी समजावून सांगते."

मी माझी प्रत घेऊन त्यांच्या शेजारी बसले, चादरींच्या खोलीत बसायचे तशी.

त्या वाचत गेल्या आणि आपल्या भाषेत सांगत गेल्या. आवाज तोच, गोड, शिकवतानाचा. कडक शब्द आला की मऊ करून सांगत होत्या. तुझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आहे बघ, असंही म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं, पहिल्या पानावर तसं आहे. मी माझ्या पानावर बोट फिरवत होते. दुसरं पान झालं. तिसरं आलं. वरच्या चार ओळी त्यांनी नीट सांगितल्या. मग जरा थांबल्या, खोकल्या आणि थेट पुढच्या परिच्छेदावर गेल्या.

माझं बोट तिथेच राहिलं. कितीतरी बोलायचं होतं. डिसेंबरपासूनचं, पाच वेळांचं, फिक्या रेघांचं. सतरा वर्षांचं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेत बसले होते आणि तरी तोंडातून शब्द फुटेना. मग मी माझं पान त्यांच्या पानावर ठेवलं.

"सिस्टर," मी म्हटलं, "ही एक ओळ राहिली."

त्यांनी ओळीकडे बघितलं नाही. माझ्या बोटाकडे बघत राहिल्या. दारात लेक उभी होती.

"वाचा ना," मी म्हटलं.

त्यांनी वाचली नाही. मग मीच वाचली, इंग्रजीत, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, त्यांनी शिकवलेल्या उच्चारांत. एकदाही अडखळले नाही.